पाणी येतं की येतंय?

"नोंद घेतली. ही नेहमीची बाब आहे. सोमवारी तपासणी होईल."

पडद्यावर इंग्रजीत उमटलेलं हे उत्तर वैजयंतीने दोनदा वाचलं. सोमवारी? आज तर गुरुवार होता आणि काचेपलीकडे आजोबांच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं!

मालवणच्या समुद्रात, पृष्ठभागाखाली तीस मीटरवर, दोन खोल्यांचं एक संशोधन केंद्र होतं. वैजयंतीचे आजोबा, डॉ. केळुसकर, तिथे समुद्रगवताचा अभ्यास करत. सुट्टीत अकरा वर्षांची वैजयंतीही त्यांच्यासोबत खाली आली होती. सकाळी आजोबा प्रयोगशाळेत काम करत असताना एक नळी फुटली. पाणी केंद्रभर पसरू नये म्हणून मधलं जाड काचेचं दार आपोआप बंद झालं. आजोबा त्या बाजूला अडकले आणि वैजयंती या बाजूला, कोरड्या खोलीत. किनाऱ्याशी बोलायचा माइक तिच्याच खोलीत होता.

किनाऱ्यावर 'साद' नावाची बचावयंत्रणा (संकटाचा संदेश ऐकून मदत पाठवणारा संगणक) होती. या समुद्रातून अनेक देशांची जहाजं जात, म्हणून तिला फक्त इंग्रजी कळत असे.

"वॉटर कम्स इन द लॅब!" वैजयंती पुन्हा ओरडली.

"नोंद घेतली. सोमवारी तपासणी होईल."

जाड काचेतून आवाज जात नव्हता. आजोबांना मात्र पडदा आणि त्यावर उमटलेलं तिचं वाक्यही दिसत होतं. त्यांनी पाण्याखाली लिहायची पाटी घेतली, घाईघाईने दोन शब्द खरडले आणि काचेला टेकवले: 'इज कमिंग'.

"वॉटर इज कमिंग इन!" वैजयंती माइकमध्ये म्हणाली.

पडदा लाल झाला. "आणीबाणी! कोणी अडकलं आहे का?"

आत्ता तिच्या लक्षात आलं. 'कम्स' हा साधा वर्तमानकाळ (नेहमी घडणारी गोष्ट सांगणारा काळ). आमच्या नळाला सकाळी पाणी येतं, असं म्हणावं तसं ते झालं होतं. 'इज कमिंग' हा अपूर्ण वर्तमानकाळ (क्रिया या क्षणी सुरू आहे असं सांगणारा काळ). म्हणजे पाणी येतंय, आत्ता येतंय!

"येस! दे आर ट्रॅप्ड! प्लीज!"

"अनेक माणसं अडकली आहेत. मोठी बचावनौका निघाली. चाळीस मिनिटं लागतील."

चाळीस! पाणी आजोबांच्या छातीला लागलं होतं. तेवढ्यात पलीकडचा दिवा फडफडला आणि विझला. काच काळी झाली. आता ना पाटी दिसत होती, ना आजोबा.

"आजोबा!" तिने काचेवर मुठी आपटल्या. पलीकडून काहीच हालचाल कळेना. तिला रडू फुटलं. पळत जाऊन कोणाला बोलवावं, तर बाहेर नुसता समुद्र.

मग ती पडद्याकडे वळली. यंत्र आपण बोलतो तेच शब्द धरतं, एवढं तिला कळलं होतं. अनेक माणसं? ती असं कधी म्हणाली? तिने स्वतःचं वाक्य पुन्हा वाचलं. 'दे'.

आजोबांना आपण 'ते' म्हणतो. ते आले, ते जेवले. हे आदरार्थी बहुवचन (माणूस एकच, पण मानाने अनेकवचनात बोलणं). तिने 'ते'चं सरळ 'दे' केलं होतं आणि यंत्राने माणसं मोजली होती!

"नो! नॉट दे! ही! ही इज ट्रॅप्ड! वन मॅन!"

पडद्यावरची अक्षरं बदलली.

"एक व्यक्ती. छोटी पाणबुडी निघाली. सात मिनिटं."

ती सात मिनिटं वैजयंती काचेला कपाळ टेकवून उभी राहिली. अखेर पलीकडे एक पिवळा झोत फिरला. पाणबुडी प्रयोगशाळेला बाहेरून घट्ट चिकटली, झाकण उघडलं आणि यंत्राचा हात आत आला. पाणी आजोबांच्या हनुवटीला टेकलं होतं, पण त्यांचे डोळे उघडे होते.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या दवाखान्यात आजोबा दोन कांबळी पांघरून बसले होते. वैजयंतीने त्यांचा हात सोडला नव्हता.

"मी तुम्हाला 'ही' म्हटलं, आजोबा."

"इंग्रजीत राजालाही 'ही'च म्हणतात गो," ते खोकत हसले. "चुकलं ते तू दुरुस्त केलंस, म्हणून मी आहे."

"पण माझ्या वर्गातली निम्मी मुलं असंच बोलतात. त्यांच्यापैकी कोणी घाबरून ओरडलं तर? यंत्राने निदान विचारायला तरी हवं होतं, माणसं किती म्हणून!"

आजोबांचं हसू थांबलं. "हे 'साद'वाल्यांना लिही," ते म्हणाले.

तिने लिहिलं. महिन्याभरात यंत्रणेच्या अभियंत्यांचं उत्तर आलं. 'दे' ऐकलं की 'साद' आता आकडा विचारत होती आणि 'वॉटर' ऐकलं की 'आत्ता?' असं विचारत होती. मुलं आणखी कशी चुकतात, हेही त्यांनी विचारलं होतं.

वैजयंतीने ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. मग मागच्या बाकावरची सानिका हळूच उठली.

"मी 'आय डिडन्ट वेन्ट' म्हणते," ती म्हणाली. "'डिड'मध्ये भूतकाळ आधीच आलेला असतो. पुढे नुसतं 'गो' हवं. माहीत असतं, पण घाबरले की चुकतेच."

"लिहून घेते," वैजयंती म्हणाली आणि तिने वहीचं नवं पान उघडलं. तोवर आणखी नऊ हात वर आले होते.