टेप झिजली नव्हती

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा ती आत एकटीच होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात निथळणारी छत्री.

वरून एका पुरुषाचा आवाज आला, "आत कोणी आहे का?"

"आहे!" ती म्हणाली.

"कोणी आहे का आत?"

"अहो, आहे ना! मी आहे!"

"कोणी नाही," वरचा माणूस स्वतःशीच पुटपुटला, आणि खटकन दिवा गेला.

अंधारात तिनं कपाळावर हात मारला. पुन्हा ओरडणार, तेवढ्यात तो माणूस काम करता करता गुणगुणू लागला... आणि ती ओरडायचं विसरली. ढुम, ढुम-ढुम, ढुम. हे गाणं तिनं वीस-पंचवीस वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. 'प्लास्टिक ऑक्टोबर' नावाच्या बँडचं होतं ते. एकच कॅसेट काढून मोडलेला बँड. त्या काळी न्यू वेव्हचं वेड होतं. थंडगार आवाजात गाणारे गायक, मशीनचा ठेका, सिंथेसायझर. मुलगे केस ताठ उभे करायचे आणि बहिणींचं काजळ पळवायचे. ती अठरा वर्षांची होती. भावाचा घोट्यापर्यंत येणारा कोट घालून ती कॉलेजात जायची आणि आपण फार दुःखी आहोत असं तिला वाटायचं. खरं दुःख म्हणजे काय, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

गाण्यात मध्येच घंटांसारखी एक बारीक सुरावट होती. ती जागा आली की वरचा माणूस गप्प बसायचा, आणि पुन्हा ढुम, ढुम-ढुम.

शेवटी तिनं छत्रीच्या दांड्यानं लिफ्टची भिंत बडवली. गुणगुणणं थांबलं. दिवा आला, लिफ्ट हिसका देत वर सरकली आणि दार उघडलं. समोर पन्नाशीचा माणूस, हाताला ग्रीस, आणि कपाळावर करड्या केसांचा उभा कोंबडा.

"अरे बापरे! तुम्ही आत होतात?"

"दोनदा ओरडले मी."

"मग... ऐकू कसं नाही आलं?"

"तेच मी विचारतेय. चौथ्या मजल्यावर या सवडीनं. कान तपासायचंच काम करते मी."

तो हसला नाही. मान खाली घालून हात पुसत राहिला. पुसून पुसून हात स्वच्छ झाले, तरी पुसतच राहिला.

चौथ्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, बाकी सगळा कारभार तिचाच. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक-मोठे आवाज सोडायचे, कुठला ऐकू येतो ते कागदावर मांडायचं. मग कानाचं मशीन द्यायचं, बसवायचं, पुन्हा पुन्हा जुळवायचं. अठरा वर्षं ती हे करत होती. सगळे तिला ताई म्हणत. हक्कानं आत्या म्हणणारी एकच भाची होती, ती दूरच्या शहरात, रविवारी फोन करायची आणि "बाकी काय?" या प्रश्नाशी दोघी अडायच्या.

बाकी काही नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. ते होते तोवर रोज संध्याकाळी मोठ्यानं पेपर वाचून मंत्र्यांचा उद्धार करायचे. तिला राजकारणात काडीचा रस नव्हता, पण त्या शिव्यांशिवाय घर कसं खायला उठतं ते आता कळत होतं. ती घरी पोचली की आधी रेडिओवरच्या बातम्या लावायची. ऐकायची नाही. नुसत्या लावायची.

आठव्या दिवशी तो आला. बाहेरच्या बाकावर नेहमीचे दोघं होते, निवृत्त मास्तर आणि शिंपीकाका. पोटनिवडणूक तोंडावर आलेली.

"यंदा हा पडतो की नाही बघा!" मास्तर गरजले.

"चढणारच! मी पण तेच म्हणतो!" शिंपीकाका म्हणाले.

दोघांचे पक्ष वेगळे होते, पण दोघांनाही नीट ऐकू येत नसल्यामुळे वर्षानुवर्षं त्यांचं एकमत होतं.

"यांना मशीन का नाही दिलंत?" लिफ्टवाल्यानं हळूच विचारलं.

"दिलंय. इथं येताना खिशात काढून ठेवतात. मैत्री टिकवायची असते ना!"

तो पहिल्यांदाच हसला. हसताना त्याचा कोंबडा हलला, आणि तिला उगीचच आपले केस सारखे करावेसे वाटले.

तपासणी अर्धा तास चालली. कागदावरची रेघ सुरुवातीला सरळ गेली आणि मग कड्यावरून खाली कोसळावी तशी कोसळली. जाड आवाज शाबूत होते. बारीक, उंच आवाज जवळपास गेलेले.

"लिफ्टच्या मोटारींच्या आवाजात आयुष्य गेलं तुमचं. हळूहळू जातं हे, कळत नाही."

"मशीन नको मला. लावलं की म्हातारा झालो. शिवाय कामावर कळलं तर..."

"आणि न कळता एक दिवस लिफ्टमध्ये कोणी दारात बोटं अडकून ओरडत असेल तर? मी नुसती अंधारात उभी होते, म्हणून आपण इथं गप्पा मारतोय."

त्यानं कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सरळ ठेवला.

"ते गाणं... 'प्लास्टिक ऑक्टोबर'चं..." ती म्हणाली.

त्यानं चमकून वर पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे?"

"तुम्ही घंटांची जागा सोडता."

"सोडतो कारण ती गेली. टेप झिजलीय माझी. इतक्यांदा वाजवली... आधी घंटा पुसट झाल्या, मग गेल्याच."

तिनं बोट कागदावर ठेवलं, रेघ जिथून कोसळत होती तिथं. त्याला कळायला एक क्षण लागला.

"म्हणजे टेप..."

"टेप नाही झिजली."

पाऊस खिडकीवर आपटत होता. तो म्हणाला, "बायको सात वर्षांपूर्वी सोडून गेली. जाताना म्हणाली, तुम्ही माझं कधी ऐकूनच घेत नाही. मी म्हणायचो, असं कधी बोललीस तू?" त्यानं रेघेवरून बोट फिरवलं. "तिचा आवाज फार बारीक होता हो..."

असे कितीतरी लोक तिच्यासमोर रडले होते. कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवायचा, हे हाताला सवयीनं यायचं. आज हात हललाच नाही. ती नुसती बसून राहिली, त्याच्यासारखीच.

मशीन आलं त्या दुपारी तो कॅसेट आणि दांडी तुटलेला टेपरेकॉर्डर घेऊन आला. दुपारच्या सुट्टीत आवाजबंद खोलीत दोन स्टुलं कशीबशी मावली. गुडघ्याला गुडघा लागत होता. दोघंही लागत नसल्यासारखं बसले.

"हलू नका," ती त्याच्या कानामागे मशीन बसवत म्हणाली.

"नाही हलत. तुम्ही सावकाश बसवा. काही घाई नाही."

"बसलंय कधीच."

"मग हात का थरथरतोय?"

"थंडी आहे."

"या खोलीत? पंखासुद्धा नाही इथं."

"कान सुधारले तसे डोळेही फार सुधारलेत तुमचे!" ती म्हणाली आणि बटण दाबलं.

ढुम, ढुम-ढुम, ढुम. त्याच्या ओठांवर जुनं हसू होतं. मग घंटांची जागा आली... आणि त्यानं तिचं मनगट धरलं. काही न बोलता, घट्ट. घंटा वाजत होत्या, एकामागून एक, पावसाच्या पाण्यासारख्या स्वच्छ. त्याचे डोळे भरले होते. गाणं संपलं तरी टेप फिरत राहिली आणि मनगट तसंच राहिलं.

"मी पण नाचलेय यावर," ती म्हणाली. "एकटीच. खोलीचं दार लावून."

"मीही एकटाच. आपण चुकीच्या खोल्यांत नाचत होतो म्हणायचं."

त्यानंतर तो दोनदा आला. मशीन जुळवून झालं. तिसऱ्यांदा यायला काही कारण उरलं नाही. लिफ्टही मेली सुरळीत चालू लागली! ती रोज दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये श्वास रोखून धरायची, आणि लिफ्ट तिला इमानेइतबारे चौथ्यावर नेऊन सोडायची. पोटनिवडणूक झाली. निकालाच्या दिवशी बाकावर मास्तर आणि शिंपीकाका दोघांनीही एकमेकांचं अभिनंदन केलं. ती आत बसून ते ऐकत राहिली. पूर्वी हसू यायचं, त्या दिवशी आलं नाही.

घरी रेडिओ आता नकोसा वाटायचा. फोन करावा म्हटलं तर काय म्हणून करायचा? दवाखान्याचा नियम होता, महिन्यानं फोन करून विचारायचं. एकतिसाव्या दिवशी दुपारी तिनं फोन लावला आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली, "दवाखान्यातून बोलतेय. मशीनबद्दल काही तक्रार?"

"आहे," तो म्हणाला. "मोठी तक्रार आहे."

"शिट्टी वाजतेय का? दुखतंय?"

"नाही. तुम्ही तपासलंत तेव्हा वाटलं, घरात आवाज आहेत, मलाच ऐकू येत नाहीत. आता नळ ठिबकतो तोसुद्धा कळतो, घड्याळ कळतं... आणि कळतं की बाकी काहीच नाही. घरात कोणी बोलतच नाही, ताई."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"यावर इथं उपाय होत नाही," ती सावकाश म्हणाली. "घरी येऊन बघावं लागेल. आणि... ताई नका म्हणू."

रविवारी ती गेली. लिफ्टवाला आणि राहत होता तळमजल्यावर! खोली चिंचोळी, पण लख्ख. भिंतीला कॅसेटींचं कपाट, प्रत्येकीवर त्याच्याच अक्षरात नाव. तिच्यासाठी खुर्ची, स्वतःसाठी पालथी घातलेली अवजारांची पेटी. रेडिओवर चर्चा चालली होती: नवी युती किती दिवस टिकणार.

"सहा महिने," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. "मतंच जुळत नाहीत त्यांची."

"मतं जुळून कोणाचं काय भलं झालंय? एकमेकांची गरज असली की टिकतं."

"तुम्ही फारच आशावादी."

"युतीत मला अनुभव वाईटच आहे. एकदा मोडलीय."

"माझी झालीच नाही कधी."

"का?"

"कोणी बोलणीच केली नाहीत."

त्यानं उठून रेडिओ बंद केला, आणि बंद केल्यावर काय करायचं ते न सुचून पुन्हा पेटीवर बसला. एवढा मोठा माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

चहा ठेवते म्हणून तीच उठली. ओट्याशी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. पाणी उकळायला लागलं होतं, बाहेर पन्हळीतून पाऊस वाहत होता. वडील गेल्यापासून घरात ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे मनातलं ओठांवर आलं तरी बिघडत नसे. तसंच ते आलं.

"मला इथं रोज यायला आवडेल," ती म्हणाली. भांड्याला सांगावं इतक्या हळू.

मागे पेटी करकरली.

"रोज किती वाजता?" त्यानं विचारलं.

ती दचकली. वळायचा धीर होईना. साखरेचा डबा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"साडेसहाला सुटते मी," ती म्हणाली. या वेळी मोठ्यानं.