निळा म्हणजे शांत

काळखडक बंदराच्या आरोग्यकेंद्रात, गोंदण-प्रयोगशाळेच्या पांढऱ्या खुर्चीशेजारी उभ्या राहून डॉ. झरीन परकार समोरच्या बाईला सूचना देत होत्या.

“आज रात्री नीट झोप. उद्या पोटभर जेवून ये, उपाशी पोटी सुई टोचली की घेरी येते. पाणी भरपूर पी. दारू नाही, चहा-कॉफीही नाही. सैल बाह्यांचा सदरा घाल, म्हणजे मनगट मोकळं राहील. मी आधी बधिर करणारं मलम लावीन, मग तुझ्या आवडीची गाणी लावू. सुई टेकली की श्वास रोखायचा नाही, हळूहळू सोडायचा. दुखलं तर सांगायचं, मी थांबेन.”

“जत्रेत गोंदवून घेणाऱ्या बायकांचे असले लाड कुणी केल्याचं ऐकलं नाही,” ओवी तांडेल म्हणाली. “मनगटावर शिडाचं एवढंसं चित्र गोंदायचं, तर त्यासाठी कंपनीला माझ्या आरामाची काळजी का?”

ओवी ही बंदरातली सगळ्यांत जुनी क्रेनचालक. धक्क्यावरच्या अजस्र क्रेनच्या माथ्याशी काचेच्या केबिनमध्ये बसून ती जहाजांतले कंटेनर उचलून खाली ठेवत असे. आता बंदर कंपनीने प्रत्येक चालकाला ‘मनोलेख’ गोंदवून घेणं सक्तीचं केलं होतं. मनोलेख नाही, तर काम नाही.

“ही साधी शाई नाही, साचाशाई आहे,” झरीन म्हणाल्या. “कुठलंही गोंदण टिकतं कसं? शाईचे कण त्वचेतल्या रक्षक पेशी गिळतात आणि धरून बसतात. एक पेशी मेली की दुसरी तेच कण गिळते. साचाशाईच्या कणांना वरून एक मऊ कवच असतं. पेशीत शिरल्यावर ते घट्ट होतं. त्या वेळी तुझ्या रक्तात तणावद्रव्य जेवढं असेल, तेवढ्याचा साचा त्यात कायमचा उमटतो. मग ते कवच आयुष्यभर त्या साच्याशी तुलना करत राहतं. जुळलं तर निळं, ढळलं तर लाल. साध्या उजेडात काहीच कळत नाही, केबिनमधल्या वाचकदिव्याखाली रंग दिसतो.”

“आणि लाल दिसलं की क्रेन आपोआप बंद.”

“बंद, आणि तुझ्या जागी दुसरा चालक. घाबरलेल्या माणसाच्या हातून अपघात होतात, हे काही खोटं नाही, ओवी.”

“निशादचं झालं तेही खोटं नाही.”

निशाद हा ओवीचा धाकटा भाऊ. मनोलेखाची पहिली चाचणी त्याच्यावर आणि जनार्दन पागधरे या जुन्या चालकावर झाली होती. एके दिवशी जनार्दनला आपल्या क्रेनचा ब्रेक निसटतोय असं जाणवलं, तो घाबरला, मनोलेख लाल झाला. यंत्रणेने त्याला ‘अस्वस्थ’ ठरवून खाली उतरवलं. ब्रेक तपासायचं मात्र कुणाला सुचलं नाही. त्याच्या जागी निशाद चढला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो शांत होता. ब्रेक सुटला, कंटेनर कोसळला, तुटलेला दोर उसळून केबिनवर आदळला आणि निशादचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं, ‘यंत्रणेने योग्य काम केले. अपघातसमयी चालक शांत होता.’

“डॉक्टर,” ओवी सावकाश म्हणाली, “म्हणजे मी उद्या या खुर्चीत जशी असेन, तोच माझा साचा? तेच माझं शांत असणं?”

“हो. म्हणून तर एवढी तयारी.”

“तणावद्रव्य किती होतं, तो आकडा कंपनीला जातो?”

“नाही. आकडा घेतला की वैद्यकीय माहिती बाळगल्याची जबाबदारी येते, म्हणून त्यांच्या वकिलांनीच तो नाकारला. त्यांना फक्त रंग हवा.” झरीननी तिच्याकडे रोखून पाहिलं. “का विचारतेस?”

“सहज.”

त्या रात्री ओवी झोपली नाही. सकाळी तिने अन्नाला हात लावला नाही. काळ्या चहाचे पेले एकामागून एक रिचवले. मग कपाटातला सगळ्यांत आखूड, दंडात रुतणारा सदरा घातला आणि ती निशादच्या घरी गेली. तो कृत्रिम पाय लावून खिडकी ते दार चालण्याचा सराव करत होता. दर पावलाला त्याचा चेहरा पिळवटत होता. ती बसून राहिली, एकदाही तिने नजर वळवली नाही.

“ताई, अशी काय बघतेस?”

“लक्षात ठेवतेय,” ती म्हणाली, आणि तिथून तडक प्रयोगशाळेत आली.

झरीननी तिची नाडी पाहिली आणि हात सोडला. “तू काय करून आली आहेस? घोड्यासारखी धावतेय ही.”

“मला मलम नको. गाणीही नकोत. तो चौकशीचा अहवाल यंत्रावर मोठ्याने वाचायला लावा.”

“हे मला करता येणार नाही.”

“कुठल्या नियमानं? अस्वस्थ माणसाला गोंदू नये असा नियम आहे तुमच्याकडे?”

नियम नव्हता. आरामात न राहण्याचा हट्ट धरून कुणी येईल, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. झरीननी खिडकीबाहेरच्या क्रेनकडे पाहिलं. निशादला गोंदताना त्यांनीच गाणी लावली होती, त्याने गुणगुणतच सगळं करून घेतलं होतं.

“माझी एक अट,” शेवटी त्या म्हणाल्या. “पाणी पी. आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर मी सुई बाजूला ठेवणार, तू कितीही ओरडलीस तरी. मनाचं तू बघ, शरीर माझ्या हवाली आहे.”

ओवी पाणी प्यायली. अहवाल वाचणारा थंड आवाज खोलीत घुमू लागला, सुई मनगटात शिरली. मलमाशिवाय ती निखाऱ्यासारखी लागत होती. एकदा तिचा चेहरा पांढराफटक पडला, तेव्हा झरीननी खरोखरच सुई ठेवली, खुर्ची आडवी केली आणि तिचे पाय उंच धरले. रंग परत येताच ओवीने स्वतःहून हात पुढे केला. ‘चालक शांत होता’ हे शब्द आले तसे तिचे दात कराकरा वाजले.

“झालं,” झरीन म्हणाल्या. “आता हा तुझा साचा.”

महिन्याभराने ओवी पुन्हा केबिनमध्ये बसली. भरलेला कंटेनर हवेत असताना तिला दांड्यात जनार्दनने सांगितला होता तसा झोल जाणवला. ब्रेक निसटत होता. छातीत धडधडायला लागलं, हात घामाने भिजले. वाचकदिव्याखाली तिचं मनगट मात्र निळंशार होतं. तिने कंटेनर सांभाळून खाली टेकवला आणि क्रेन बंद केली.

धक्काप्रमुख निनाद केळुसकर धापा टाकत वर आले. “ओवीताई, जहाज खोळंबलंय! काम का थांबवलंत?”

“ब्रेक निसटतोय.”

“तुम्हाला भीती वाटतेय.”

“दिव्यात बघा.”

केळुसकरांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“मी घाबरलेय असं तुमची यंत्रणा म्हणते का? नाही ना? मग शांत चालकाची तक्रार म्हणून नोंदवा. आणि ब्रेक उघडा.”

यंत्रणेच्या नियमानुसार शांत चालकाची तक्रार बाजूला टाकता येत नव्हती. ब्रेक उघडला. आतलं अस्तर झिजून धातू उघडा पडला होता.

ही बातमी धक्क्यावर पसरली. उरलेले चालक एकेक करून झरीनकडे गोंदवून घ्यायला आले. सगळ्यांचे डोळे तांबारलेले, पोटं रिकामी. झरीननी कुणालाच काही विचारलं नाही, प्रत्येकाच्या हातात फक्त पाण्याचा पेला दिला. मग तक्रारी सुरू झाल्या, प्रत्येक तक्रार निळ्या मनगटाची. त्या दाबायला कंपनीकडे काही कारणच उरलं नाही. वर्ष सरायच्या आत बंदरातल्या सगळ्या क्रेनचे ब्रेक, दोर, कप्प्या बदलल्या गेल्या. निशादला नियंत्रणकक्षात काम मिळालं. जुना अहवाल रद्द होऊन नव्याने लिहिला गेला, आणि त्यात दोष कुणाचा होता ते स्पष्ट होतं.

नव्या अहवालाच्या दुसऱ्या दिवशी ओवी केबिनमध्ये चढली. समुद्र स्वच्छ होता. दांडा हातात लोण्यासारखा फिरत होता. निशादचा आवाज कानात आला, “ताई, पहिला कंटेनर तुझा.” ती मोकळेपणी हसली. निशादच्या अपघातापासून या खुर्चीत बसलं की मानेत रोज असणारा ताण आज पहिल्यांदाच सैल झाला होता.

वाचकदिव्याखाली तिचं मनगट लालभडक झालं. क्रेन बंद पडली.

शेजारची क्रेनही बंद पडली. मग तिच्या पलीकडची. पाहता पाहता अख्खा धक्का थिजला.

केळुसकर नियंत्रणकक्षात धावले, तिथून त्यांनी झरीनना फोन लावला. ओवी केबिनमध्ये कानाला लावलेल्या संपर्कयंत्रावर सगळं ऐकत होती.

“बिघाड नाही,” झरीनचा आवाज आला. “साच्याशी जुळलं तर निळं, ढळलं तर लाल. यांचा साचा संतापाचा आहे. आज पहिल्यांदाच ते समाधानी आहेत, म्हणजे साच्यापासून ढळलेत.”

ओवी मनगटाकडे बघतच राहिली. हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. रागाला तिने शांतीचं नाव दिलं होतं, आता शांती तिच्या अंगावर आयुष्यभर धोक्याच्या रंगात उमटणार होती.

“पुसता येईल?” केळुसकरांनी विचारलं.

“नाही. कण पेशींत रुजलेत.”

“मग यांना निळं करायचं तरी कसं?”

“मी सांगते,” ओवी म्हणाली. “जुने ब्रेक परत बसवा. अहवाल परत खोटा करा. आम्ही सगळे लगेच निळे होऊ.”

बाहेर जहाजाचा भोंगा तक्रार केल्यासारखा वाजत होता.

“नाहीतर?” केळुसकरांनी पडेल आवाजात विचारलं.

“नाहीतर दिवा बंद करा.”

बरीच फोनाफोनी झाली. कंपनीचे वरिष्ठ ओरडले, वकील ओरडले. ओवी हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिली. मनगट लालच होतं आणि ते झाकायचा तिने प्रयत्नही केला नाही. दुपारच्या भरतीला जहाज सुटणार की नाही असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कुठे सगळ्या केबिनमधले वाचकदिवे एकदम विझले.

मग संपर्कयंत्रात केळुसकरांचा अवघडलेला आवाज आला. असा प्रश्न या धक्क्यावर आधी कुणी कुणाला विचारला नव्हता.

“ओवीताई, तुम्हाला... कसं वाटतंय?”

तिने दोराकडे पाहिलं, ब्रेकचा दांडा एकदा खाली दाबून सोडला.

“बरं वाटतंय,” ती म्हणाली. “उचलते.”