उठून गेलेल्यांची रांग

"रांगेत ताटकळणारी माणसं म्हणजे मेंढरं," असं साहेब चारचौघांत बोलत आणि वर स्वतःच हसत. इस्पितळातल्या रक्तपेढीची गर्दी हटवायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी खिडकी एकही वाढवली नाही. बाकांच्या पाठी काढल्या, पंखे बंद केले, पाण्याचं पिंप हलवलं. अर्धी माणसं कंटाळून आपसूक उठून जात. जो उठला, त्याचा नंबर फलकावर 'निकाली', म्हणजे काम झालेलं. झालं, गर्दी हटली! साहेबांचा सत्कारही झाला. दिव्याखाली अंधार, पण दिव्याला त्याचं काय?

एका दुपारी त्यांना स्वतःलाच तिथे यावं लागलं. थोरल्या बहिणीचं ऑपरेशन चालू होतं, रक्ताची पिशवी तातडीने हवी होती. दालन रिकामं पाहून एवढ्या घाईतही ते फुशारले.

"टोकन घ्या, साहेब," खिडकीतली बाई म्हणाली.

"कशाला? चिटपाखरू नाही इथे."

"तुमच्या आधीचे आहेत ना." तिने मोकळ्या बाकांकडे पाहिलं, तेही ओळखीच्या नजरेने.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? ताई तिकडे टेबलावर आहे माझी!"

"त्यांचंही कुणीतरी होतंच की."

तिने नंबर पुकारला. पिशवी खिडकीबाहेर धरली. हात मागे घेतला, तेव्हा तो रिकामा होता. पिशवी खाली पडली नव्हती.

साहेबांनी मुकाट टोकन घेतलं. बाकावर टेकले. जागा ऊबदार होती, नुकतंच कुणी उठल्यासारखी. घामाचा, औषधांचा वास दाटला. डाव्या खांद्याला कुणाचा तरी खांदा लागला. उजव्यालाही.

पुन्हा नंबर. पुन्हा रिकामा हात.

"मूर्खांचा बाजार आहे हा! वर जाऊन सांगतो," म्हणत ते ताडकन उठले.

फलकावर टिंग वाजलं.

तेवढ्यात वॉर्डातली नर्स धावत आली. "रक्त कुठंय? त्यांचा भाऊ येणार होता ना?"

बाईने फलक पाहिला. "आले होते. निकाली दिसतंय, म्हणजे पिशवी दिलेली आहे."

"अहो, मी इथे आहे!" साहेब ओरडले.

नर्सने दालनभर नजर फिरवली. "इथे तर कुणीच नाही," म्हणाली आणि रिकाम्या हातांनी परत धावली.

साहेब तिच्यामागे निघाले. पाय दाराशीच अडले, उंबरठा ओलांडता येईना.

मागे बाक करकरला. कुणीतरी सरकून जागा केली होती.

"बसा," एक म्हातारा आवाज म्हणाला. "टेकायला पाठ नाही हं."