बारा महिने पाणी

ती धावत चढ चढत होती आणि तो उतरत होता. वळणावर दोघांची अशी धडक झाली, की त्याच्या खांद्यावरची, पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायची हातभर लांब लोखंडी चावी खणखणत रस्त्यावर पडली.

"दिसत नाही का?" ती ओरडली.

"दिसतं की... पण तुम्ही इतक्या वेगात आलात, की बघायला वेळच मिळाला नाही."

"पाणी कोणी बंद केलं? माझी मशिनं मध्येच थांबलीत!"

चावी उचलायला वाकलेला तो तसाच वाकून राहिला. "मीच... सीझन संपला ना. दरवर्षी याच दिवशी बंद करतो."

त्याचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. तळ्याकाठचं हे गाव चार महिने पाहुण्यांनी ओसंडून वाहायचं आणि मग हॉटेलांना कुलपं लागायची. थंडीत पाणी गोठून पाइप फुटू नये म्हणून टाकीवरचा पाणीवाला सगळी लाइन रिकामी करून निघून जायचा. सीझननंतर कोणी मागे राहील, हे गावात कोणाच्या डोक्यातच येत नसे. आणि राहिलं तर पाणी कुठून येणार, हे एवढे मनसुबे रचणाऱ्या तिच्याही डोक्यात आलं नव्हतं! दर सीझनला ती आणि तिची मावशी आपली लाँड्री बंद करून याच दिवशी सकाळच्या बसने गाव सोडायच्या, त्यामुळे पाणी बंद होतं हेच तिला माहीत नव्हतं.

आणि आज मशिनांत साबणाने माखलेल्या दोनशे चादरी होत्या, जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलच्या. चार वाजता मेट्रन बघायला येणार होत्या. पसंत पडल्या तर बारा महिन्यांचं काम मिळणार होतं आणि लाँड्रीतल्या सहा बायकांना पोरंबाळं घेऊन कामासाठी परगावी जावं लागणार नव्हतं. नाही पडल्या तर मशिनं विकायची, असं मावशीने बजावून ठेवलं होतं.

"उघडा ना मग! उभे काय?"

"एकदम उघडलं तर आत अडकलेली हवा पाइप फोडते. थोडं थोडं सोडायचं, आणि खाली एकेका चेंबरवर हवा काढत जायची. माझा जोडीदार सकाळीच गेला."

"मी आहे."

त्याने घड्याळ पाहिलं. एक वाजता सीझनची शेवटची बस होती आणि उद्या सकाळी त्याला दूरच्या शहरात कारखान्यात हजर व्हायचं होतं. तिने विचारलं तेव्हा त्याने एवढं सांगितलं, तिच्या हातात पाना दिला आणि फोन नंबर मागितला.

"कामासाठी," तो म्हणाला.

"मी काही म्हटलं का?" ती म्हणाली, आणि एवढ्या घाईतही तिचे कान गरम झाले.

तो वर टाकीपाशी, ती खाली पहिल्या चेंबरपाशी. फोन कानाला.

"फुसफुस होतंय."

"होऊ दे. पाणी आलं की नळ घट्ट करा."

"आलं... ई! तोंडावर!"

पलीकडून दबलेला आवाज आला.

"हसताय?"

"छे. व्हॉल्व्ह कुरकुरतोय."

दुसरा चेंबर झाला, तिसरा झाला. पळता पळता ती धापा टाकत होती आणि तो मात्र बोलत होता, बहुधा तिला धीर यावा म्हणून. "चार वर्षं आहे मी या गावात. तुम्ही कधी दिसला नाहीत."

"मागच्या खोलीत असते. मी माणसं चादरींवरून ओळखते."

"मग माझी?"

"तुमची कधी आलीच नाही. घरी धुता वाटतं?"

"धुतो म्हणजे... भिजवतो."

तिला हसू फुटलं. तेवढ्यात शेजारून बस गेली, लांब हॉर्न देत. फोनवर दोघंही गप्प.

"बस..."

"दिसली मला वरून. चौथा चेंबर, चला."

चौथ्यावर नळ उघडला, पण फुसफुस झाली नाही. पाइप आतून घुमायला लागला, तिच्या तळव्याला थरथर जाणवली.

"हवा येत नाहीये."

"गंजला असेल. दूर व्हा! मी बंद करतो."

बंद केलं तर पहिल्यापासून सुरुवात, आणि चार वाजायच्या आत काहीच हाती लागणार नव्हतं. तिने फोन खाली ठेवला, केसातली पिन काढली आणि नळाच्या तोंडात खुपसली. एकदा. दोनदा. हवा सुसाट सुटली, मागोमाग तांबूस पाणी.

"सुटलं!" तिने फोन उचलला.

"दूर व्हा म्हटलं होतं ना!" तो ओरडला.

"पाइप वाचला की."

"पाइप गेला खड्ड्यात! तुम्हाला काही झालं असतं तर..." हातातल्या पान्याकडे ती उगीच बघत राहिली.

पावणेदोनला मशिनं घरघरली. सहाही बायकांनी पदर खोचले आणि चादरी खंगाळून, वाळवून, इस्त्री करून रचल्या. शेवटची घडी पडतेय तोच दारात गाडी थांबली.

मेट्रननी चादरी उजेडात धरल्या, हुंगल्या. "धुलाई उत्तम. पण हिवाळाभर पाण्याची खात्री काय?"

मावशीने तिला कोपराने ढोसलं. हो म्हण, हो म्हण! पण तिला खोटं बोलवेना. "आजच बंद झालं होतं," ती म्हणाली. "उद्याचं... मी छातीठोक नाही सांगू शकत."

मावशीने कपाळाला हात लावला.

"मी सांगतो." तो दारात उभा होता, चिखलाने माखलेला. "पाणी वाहतं ठेवलं तर गोठत नाही. रोज पहाटे वर जाऊन बघावं लागतं. पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन केला, ते म्हणाले, तू राहणार असशील तर चालू ठेव. मी राहणार आहे."

मेट्रननी त्याला बघितलं, मग तिला बघितलं, आणि कागदावर सही केली.

गाडी गेल्यावर ती बाहेर आली. "कारखान्याचं काय?"

"येत नाही म्हणून कळवलं."

"पहिलं बिल येईपर्यंत मी पगार देऊ शकत नाही."

"मागितला का मी?"

"मग गावात राहायचं कशाला? बस चुकली म्हणून?"

"बस गेली तेव्हा फोनवर तुम्ही गप्प झालात ना..." तो थांबला. "तुमच्या आवाजावाचून तसलं अर्धं मिनिट मला परत नको. आवडता तुम्ही मला. झालं, सांगून टाकलं!"

आत सहाही बायका आवराआवर थांबवून कान देत होत्या. तिला ते कळत होतं, तरी ती हळू बोलली नाही.

"मग उद्या पहाटे एकटा जाऊ नकोस," ती म्हणाली. "मलाही उठव."