आवडाबाय रोज बघायला येते

पटो वा न पटो, हे घडलंय. पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावात, गेल्या मार्गशीर्षात. तेही भर दुपारी, तीनच्या सुमाराला.

ज्याच्या घरात घडलं तो गुणाजी माझा सख्खा मामा. थापा मारणारा माणूस नव्हे.

त्याची बायको मनुबाई आणि भावजय आवडाबाई. दोघींना एकाच महिन्यात पित्ताच्या पिशवीत खडे निघाले.

आवडाबाईने दुखणं अंगावर काढलं. पिशवी सडली, पोट फाडूनच ऑपरेशन करावं लागलं. वीतभर जखम. ती चिघळली.

मनुबाईचं दुर्बिणीतून झालं. चार बारकी भोकं, बस्स. ती हॉस्पिटलात असतानाच इकडे आवडाबाई गेली.

आजाऱ्याला मयताची बातमी सांगू नये, ही आपली रीत. मनुबाईला सांगितलं, "वहिनी माणगावला लेकीकडं गेलीय."

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मनुबाई म्हणाली, "अवो, जाऊबाय आल्ती की बघायला!"

गुणाजीने चहाचा कप खाली ठेवला.

"कोण...?"

"आवडाबाय. माझी पट्टी उचकटून बघितली. म्हनली, तुझं बरं हाय गं, बारकी भोकं. माझं तर सारं पोट फाडलं."

औषधाची गुंगी असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पण बेंबीजवळची पट्टी खरंच सुटलेली होती...

दुसऱ्या दिवशीही ती आली म्हणे. तिसऱ्या दिवशीही.

गुणाजी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. त्याने सुट्टी टाकली. दाराला कडी घालून दुपारभर पडवीत बसला. कुणी आलं नाही.

आतून मात्र बोलण्याचा आवाज...

दोघींचा.

तो धावत आत गेला. मनुबाई एकटीच. पट्टी सुटलेली. बेंबीजवळचं भोक लालभडक, आणि त्यातून पू.

ताप एकशे तीन.

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन बदललं आणि ते जाम चिडले. "पोट फाडलं की जखम चिघळायची भीती जास्त, दुर्बिणीत कमी. कमी म्हणजे नाहीच असं नाही हो! पट्टीला हात कोण लावतं?"

मेलेल्या भावजयीचं नाव सांगणार, कप्पाळ?

"उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर दाखल करा," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. खोलीत वास सुटला होता. आवडाबाईच्या खोलीत सुटला होता, अगदी तोच. गुणाजीने एकवीरेला हात जोडले. "आई, माझं काय वाट्टेल ते ने, पन मनूला ठेव!" मामा ढसाढसा रडला. गाडी सांगितली होती, ती अजून यायची होती.

तीन वाजले...

त्याला राहवलं नाही. तो ओरडला, "मने, वहिनी मेलीय गं! तिला जवळ येऊ देऊ नको!"

मनुबाई हलली नाही.

"ठावं हाय मला. पैल्याच दिवशी तिनंच सांगितलं."

"मग गं...?"

"म्हनली, जखमेला वास मारायला लागल्यावर कुनी जवळ बसलं न्हाय. समदे दारातूनच बघायचे." तिने दाराकडे पाहिलं. "तुमी पन दारातच हाव न्हवं?"

गुणाजीने खाली पाहिलं. तो उंबऱ्याच्या बाहेर होता. पंचा नाकाला लावलेला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचा फेकून तो खाटेकडे धावला, बसायला वाकला...

"अवो, तिकडं नको!" मनुबाई घाईने म्हणाली. "हिकडून बसा."

त्या संध्याकाळी ताप उतरला. नव्या इंजेक्शनाने असेल. मामी वाचली, जखमही सुकली.

पण मामा आजही खाटेच्या त्या अंगाला बसत नाही.

आणि खरं सांगू? त्यांच्या घरी गेलो की मीही नाही.