उजेडाची चाचणी

प्रथमदर्शनी प्रेम या प्रकारावर तिचा विश्वास नव्हता. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे ती भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकली होती आणि कॅमेरा हाती घेतल्यावरही ती सवय सुटली नव्हती. म्हणून त्या हॉटेलचा मॅनेजर पहिल्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा तिने एवढंच टिपलं, की माणूस उंच आहे, टाय नीट बांधलेला आहे, राग मात्र नीट बांधता आलेला नाही.

"मॅडम, खालच्या पाहुण्यांची तक्रार आहे. वर कोणी हत्ती हलवतंय म्हणतात."

"हत्ती नाही, पलंग. त्याचं तोंड खिडकीकडे करायचंय. एक बाजू धराल?"

तक्रार घेऊन आलेल्या माणसाने निमूटपणे पलंग धरला. तिची मदतनीस मावसबहीण त्या दिवशी तापाने घरी होती. तेव्हा उजेड चेहऱ्यावर कसा पडतो हे पाहण्यासाठी त्यालाच पलंगाच्या कडेवर बसवण्यात आलं.

"इथे... कसले फोटो काढणार आहात?"

"बूद्वार."

"म्हणजे?"

"बायका येतात. रेशमी गाऊन, पांढरी चादर, कधी नुसती उघडी पाठ. स्वतःला आवडतील असे स्वतःचे फोटो. दार बंद असतं, आणि मी सांगेपर्यंत बंदच राहतं."

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "मग मी — उठू?"

"तुमच्या टायला धोका नाही. बसा."

मावसबहीण बरी झाली, तरी त्याचं बोलावणं चालूच राहिलं. मोजक्या खोल्यांच्या त्या नखरेल हॉटेलात वरच्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली खोली तिला जीव की प्राण होती. खिडकी उत्तरेची, त्यामुळे ऊन कधी अंगावर धावून येत नसे, दिवसभर एकसारखा, सभ्य उजेड. ती कॅमेरा ट्रायपॉडवर लावी आणि हातात रिमोट घेऊन खोलीभर फिरे. पडदा सारी, पांढरा फलक तिरपा करी, मध्येच बटण दाबी. तो हुकुमाप्रमाणे बसे आणि पाहुण्यांच्या तऱ्हा सांगून तिला हसवी. हसताना हात हलला, तरी फोटो हलत नसे, कारण कॅमेरा तिच्या हातात नसे.

आज मात्र तो हसवत नव्हता.

"मॅडम, आजचं इथलं शेवटचं शूट. पुढच्या आठवड्यात काका मध्ये भिंत घालतायत. एकाच्या दोन खोल्या."

काका म्हणजे हॉटेलचे मालक.

"आणि खिडकी?"

"ती... बाथरूममध्ये जाते."

"एवढा उजेड साबणाला?"

"मी भांडलो. ते म्हणाले, पाहुणे पलंगासाठी पैसे देतात, दिशेसाठी नाही."

तिला वाईट वाटलं. किती आणि कशाचं, हे तपासण्याची तिला खोड होती. खिडकीचं दुःख वजा करून पाहिलं, तरी बाकी उरत होती. आणि ती बाकी समोर टाय सारखा करत बसली होती.

इतक्यात गिऱ्हाईक आलं आणि तो बाहेर गेला. त्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, खणखणीत.

"फोटो यजमानांसाठी?" तिने विचारलं.

"छे! माझ्यासाठी. चांगले आले, तर त्यांना दाखवायचे की नाही ते बघू."

जांभळ्या गाऊनमध्ये त्या राणीसारख्या बसल्या. "आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हणत आले. आज पहिल्यांदा कोणीतरी मला तोंड मिटायला सांगतंय." मग फोटो बघायला लॅपटॉपशी आल्या आणि चुकून मागच्या फोटोंत शिरल्या.

"हा टायवाला कोण गं?"

"उजेडाच्या चाचणीसाठी बसतो."

"कॅमेऱ्यात का बघत नाही?"

"मीच सांगते, खिडकीकडे बघा म्हणून."

"खिडकीकडेही बघत नाहीये, बाई. वीस-पंचवीस वर्षं माणसं माझ्या खुर्चीत बसून नजर चुकवतायत. नजर कुठे जाते ते मला कळतं."

बाई गेल्यावर तिने सगळे फोटो ओळीने लावले. पडद्यापाशी ती असताना नजर पडद्याकडे. फलकापाशी असताना फलकाकडे. योगायोग म्हणावा, तर एकदा ती कपाटामागे वायर शोधत होती, आणि तो कपाटाकडे असा काही पाहत होता, की कोणत्याही कपाटाच्या नशिबी तशी नजर येत नाही. पर्यायी स्पष्टीकरणं तिने प्रामाणिकपणे शोधली. एकही टिकलं नाही.

पलंग जागेवर लावायला तो आला, तेव्हा तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"यात काय दिसतं?"

त्याने एकेक फोटो पाहिला. मग म्हणाला, "पकडला गेलो."

"नाकारणार नाही?"

"एवढा पुरावा? काय नाकारू?" तो पलंगाच्या कडेवर बसला. "पण एक विचारायचं राहिलंय. ते तुमच्या बॅगेतलं लहानसं यंत्र — उजेड मोजायचं. ते बिघडलंय का?"

"नाही."

"मग ते उशीवर धरून उजेड मोजता येत नाही?"

खोटं बोलणं तिला जमण्यासारखं होतं. चुकीचं उत्तर देणं नव्हतं.

"येतो," ती म्हणाली.

"मग दर वेळी मला का बोलावलंत?"

"उशी हसवत नाही." तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "आणि उशीची वाट बघावीशी वाटत नाही."

खालच्या रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. दोघंही गालातल्या गालात हसत होते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

"खोली जाऊ दे," ती म्हणाली. "उत्तर दिशा काही तुमच्या काकांच्या मालकीची नाही. रविवारी मी दुसरी खिडकी शोधायला निघतेय. तुम्ही चला."

"मला खिडक्यांतलं काय कळतं?"

"काही नाही. खिडकी मी बघेन. तुम्हाला सवय आहे तिकडे बघा."

"रविवारी माझी ड्युटी असते."

"मग?"

"मग काय... काकांना भिंतींची हौस आहे ना? एक दिवस काउंटरच्या भिंतीमागे बसू देत."

ती ट्रायपॉड उचलायला वाकली, तसा तोही वाकला. ट्रायपॉडऐवजी तिचा हात त्याच्या हाती आला. आणि चूक ध्यानात येऊनही ती दुरुस्त करण्याची घाई दोघांपैकी कोणीच केली नाही.