वळणावरचं हिरवं गवत

सकाळचे सहा. मल्लेश्वरीने पायातले बूट काढले, शरणबसव सरांच्या खुर्चीखाली ठेवले आणि अनवाणीच मैदानाबाहेर निघाली.

खटकचिंचोळीच्या मैदानावर सुट्टीतलं धावण्याचं शिबिर चालू होतं. बीदरच्या निवड चाचणीत आठशे मीटरला कोण पळणार, ते आजच ठरायचं होतं. गेल्या वर्षी सहज जमलेली वेळ मल्लेश्वरीला यंदा एकदाही गाठता आली नव्हती. तुझं मनच पळण्यात नाही, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले होते.

तिची चुलत बहीण मंजुश्री आणि वर्गातला संगमेश रोज तिला जोर यावा म्हणून शेजारून ओरडत पळायचे. दोघं तिच्या मागे धावले.

"कामून निघालीस गं?" मंजुश्रीने विचारलं.

"मला पळायलाच येईना झालंय. तुम्ही उगं ओरडायलात."

"मलाबी येईना झालंय," संगमेश म्हणाला. "मी बूट काढलो का?"

मंजुश्री थबकली. संगमेशची वेळही घसरली होती. शिबिरातल्या प्रत्येकाचीच. सगळे एकदम कसे मंदावले?

ती परत फिरली आणि धावपट्टीच्या चुन्याच्या रेषेवरून चालू लागली. मैदान उन्हाने करपलं होतं. फक्त पलीकडच्या वळणावर, रेषेच्या आत, हिरव्यागार गवताचा एक तुकडा होता. मे महिन्यात?

संगमेशला आठवलं. शिबिराआधी शाळेच्या बांधकामाचा पाण्याचा टँकर इथेच उभा असायचा, त्याचा नळ गळायचा. त्याने पायाने गवत बाजूला केलं. खाली जुन्या रेषेचा पुसट चुना होता. सरांनी नवी रेष टँकरच्या बाहेरून आखली होती. टँकर गेला, रेष तशीच राहिली.

"म्हंजे रोज आपण टँकरला वळसा घालायलोत!" मंजुश्री म्हणाली.

दोघं सरांना सांगायला गेले. सरांनी मोबाइलमधून मान वर न करताच सांगितलं, की कारणं शोधू नका. ते चहाला गेले तेव्हा दोघांनी पोत्यातला चुना घेऊन जुनी रेष ठळक केली आणि नवी पायांनी पुसली. मग खुर्चीखालचे बूट नेऊन मैदानाबाहेर बसलेल्या मल्लेश्वरीपुढे ठेवले आणि तिला रेषेचं सांगितलं.

तिने ते उचलले नाहीत. "आणि तरीबी न्हाई जमलं तर?"

"तर न्हाई जमलं," मंजुश्री म्हणाली. "आम्ही ओरडायचं सोडणार न्हाई."

सर परतल्यावर मल्लेश्वरी बूट घालून चाचणीत पळाली. सरांनी घड्याळ पाहिलं, हलवलं, पुन्हा पाहिलं. मंजुश्रीने चुन्याने माखलेले पाय दाखवले आणि त्यांना गवतापाशी नेलं. सरांनी टेप आणून वळणावरच्या दोन्ही रेषा स्वतः मोजल्या. मग सगळ्यांना जवळ बोलावलं.

"चूक माझी. यांनी पाहिलं, मी पाहिलं नाही. मल्लेश्वरी बीदरला जाईल."

दुसऱ्या दिवशी बीदरला जाताना सरांच्या मोटरसायकलवर एकीचीच जागा होती. मंजुश्री आणि संगमेश त्याच गवतावर फोन मध्ये ठेवून बसले. पहिल्या तिघींची निवड होणार होती. सरांनी शर्यत सुरू होताच फोन लावला. मल्लेश्वरीला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही दोघं फोनमध्ये ओरडत होते.

"शेवटचं वळण," सरांचा आवाज आला. "चौथी आहे. तिसरीच्या अगदी पाठीला. आता ती—"

फोन कटला. संगमेशने पुन्हा लावला. लागेना. मंजुश्री उठली आणि रिकाम्या वळणाकडे तोंड करून ओरडतच राहिली.